काळं ऑईल आणि पुस्तिकेतला आकडा

मेहकरला रेल्वे नाही. बाजार, तहसील, दवाखाना, कॉलेज, शेत हे सगळं येणंजाणं एसटीवर आणि त्याहून जास्त दुचाकीवर चालतं. समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून जातो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, पण तिथे दुचाकीला बंदी आहे. मेहकरची मोटारसायकल धावते ती डोणगाव, जानेफळ, लोणार, चिखलीच्या जुन्या रस्त्यांवर आणि तिथून खाली उतरून पांदणीवर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ऑईल कधी बदलायचं हे गाडी कुठून जाते यावर बरंचसं ठरतं.

संक्रांतीच्या सुमारास एका गॅरेजवर बसलो होतो. शेतकरी काका भाच्याला मागे बसवून आले होते. गाडी शंभर सीसीची, टाकीवर ओरखडे, मागे दुधाच्या कॅन अडकवायची लोखंडी कडी.

‘काका, ऑईल कधी बदललं होतं?’ मेकॅनिकनं विचारलं.

‘पोळ्याच्या आधी बदललं व्हतं ना भाऊ.’

‘मग किती किलोमीटर झाले?’

‘मीटर बंदच हाय.’

मेकॅनिकनं झाकण फिरवून पट्टी बाहेर काढली, बोटांत तेल चोळलं आणि काकांना दाखवलं. तेल काळंभोर होतं. ‘पाहा, कोळसा झाला. दोन हजारावर बदलाच लागते.’ भाचा कॉलेजात शिकणारा. तो म्हणाला, ‘मामा, पुस्तकात तर सहा हजार लिहेल हाय.’ त्यावर मेकॅनिक शांतपणे म्हणाला, ‘पुस्तकवाल्याले आपला रस्ता माहीत हाय का?’

तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं. तरीही त्या पाच मिनिटांत गाडीसाठी सर्वांत महत्त्वाचं असलेलं एक निरीक्षण कोणीच केलं नाही. मेकॅनिकनं पट्टीवरच्या तेलाचा रंग पाहिला. तेल पट्टीवर कुठपर्यंत आलं होतं, हे पाहिलं नाही. त्याकडे पुढे वळतोच.

वंगणाची गरज आपल्या लोकांना नव्यानं शिकवावी लागत नाही. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घातलं नाही तर चाक कुरकुरतं, आस झिजतो, बैलांना ओढ जड जाते, हे घराघरात ठाऊक होतं. त्याच एरंडेलाचा मोटारीशीही जवळचा संबंध आहे. १९०९ साली इंग्लंडमधल्या वेकफिल्डच्या कंपनीनं एरंडेल मिसळलेलं इंजिन ऑईल बाजारात आणलं आणि एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं. एरंडेलाचा थर धातूला घट्ट धरून राहतो. त्या काळच्या इंजिनांना तोच गुण हवा होता.

पण आसाचं वंगण आणि इंजिनातलं ऑईल यांत मोठा फरक आहे. आसाला फक्त घर्षणाशी सामना असतो. इंजिनातलं ऑईल घर्षण कमी करतं, पिस्टनच्या खालची उष्णता वाहून नेतं, रिंग आणि सिलिंडर यांच्यातली फट बंद ठेवतं, जळालेल्या इंधनाची काजळी उचलून स्वतःत ठेवतं आणि गंज येऊ देत नाही. मोटारसायकलमध्ये याहून जास्त काम आहे. कारमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं आणि क्लच कोरडा असतो. आपल्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑईल पुरवलं जातं, आणि तेही एक लिटरच्या आतबाहेर. कारच्या इंजिनात तीन-चार लिटर असतं. थोडं तेल आणि जास्त काम, त्यात वाऱ्यानं थंड होणारं इंजिन. म्हणून कारचा हिशेब मोटारसायकलला लावू नये.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या सवयीही समजून घ्यायला हव्यात. त्यांनी ज्या गाड्या चालवल्या त्यांत हा प्रश्न या रूपात नव्हताच. राजदूत, येझदी, १९७२ साली आलेली पुण्याच्या कायनेटिकची लुना, दूधवाल्यांची एम-८० या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांत ऑईल पेट्रोलबरोबर जायचं आणि जळून निळ्या धुरातून निघून जायचं. इंजिनातलं तेल जुनं होण्याइतका वेळ तिथे राहतच नसे. गिअरबॉक्सचं तेल तेवढं वेगळं सांभाळायचं. बुलेट हा फोर-स्ट्रोकमधला मोठा अपवाद, पण ती किती घरांत होती? १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि खेड्यापाड्यांत फोर-स्ट्रोक इंजिन पोचलं. तेच तेल महिनोन्महिने इंजिनात फिरत राहणार, मग ते कधी बदलायचं, हा प्रश्न तिथून घराघरात आला. ‘पेट्रोल टाका आणि चालवा’ ही सवय मात्र तशीच पुढे आली, आणि माझ्या मते आजही निम्मी इंजिनं त्याच सवयीपायी लवकर बसतात.

आता काळ्या रंगाबद्दल. ऑईल म्हणजे नुसतं तेल नसतं. मूळ तेलात रसायनांचं मिश्रण घातलेलं असतं. त्यातली काही रसायनं काजळीच्या कणांना धरून ठेवतात, एकमेकांना चिकटू देत नाहीत, तळाशी गाळ होऊ देत नाहीत. काजळी तेलात तरंगत राहिली की तेल काळं दिसणारच. नवं ऑईल घातल्यावर हजार किलोमीटरमध्ये ते गडद होतं, आणि ते आपलं काम करत असल्याची ती खूण आहे. पातेलं घासल्यावर पाणी काळं झालं, तर साबण बिघडला असं आपण म्हणत नाही. महिनोन्महिने गाडी चालवूनही तेल सोनेरीच दिसत असेल, तर मला उलट शंका येईल.

घाबरायचा रंग वेगळा आहे. पट्टीवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, चहासारखा फेस दिसला तर तेलात पाणी शिरलं आहे. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि इंजिनात पाणी गेलं, तर किलोमीटर मोजत बसू नये. ते तेल त्याच दिवशी काढावं.

तेल थकतं ते इतर कारणांनी. पहिलं कारण, न दिसणारं पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ रिंगांच्या फटीतून खाली ऑईलमध्ये उतरते. इंजिन चांगलं तापलं की ती उडून जाते. घर ते दुकान, दुकान ते शाळा अशा एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, पाणी आतच राहतं, त्याच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही मिसळतं आणि तेल आंबट, म्हणजे आम्लधर्मी होत जातं. त्यामुळे वर्षभरात दोन हजार किलोमीटरच चाललेल्या शिक्षकाच्या गाडीचं तेलही वर्षाला एकदा बदलावं लागतं. मीटरवरचा आकडा कमी आहे म्हणून ते ताजं राहत नाही.

दुसरं कारण गिअर. ऑईलच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. थंड असताना फार घट्ट होऊ नये आणि तापल्यावर फार पातळ होऊ नये, यासाठी अशा तेलात लांब साखळ्यांची पॉलिमर मिसळलेली असतात. गिअरचे दात एकमेकांत घुसताना या साखळ्या तुटतात आणि तेल हळूहळू पातळ होतं. पातळ झालेलं तेल दिसायला तसंच असतं, पण गिअर टाकताना खडखड वाढते. जुन्या मेकॅनिकला गिअरच्या आवाजावरून तेलाचं वय कळतं, ते यामुळेच. त्याचा कान रंगापेक्षा भरवशाचा आहे.

तिसरं कारण धूळ, आणि आपल्या भागात मी तिला पहिला नंबर देईन. सगळा बुलडाणा जिल्हा काळ्या पाषाणावर बसला आहे. मेहकरहून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं लोणारचं विवर त्याच बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं आहे. रस्त्यावर पडते ती गिट्टी त्याच दगडाची. ट्रॅक्टर आणि टिप्परच्या चाकाखाली त्याचा पिठासारखा चुरा होतो. हा चुरा एअर फिल्टर चुकवून आत गेला तर सिलिंडरच्या भिंतीवर आणि रिंगांवर पॉलिश पेपरसारखा फिरतो आणि शेवटी ऑईलमध्ये उतरतो. धातूच्या भागांमधला तेलाचा थर काही मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी पातळ. त्यात असा कण सापडला की ओरखडा ठरलेलाच. एअर फिल्टर मळका, फाटका किंवा नीट न बसवलेला असेल, तर कितीही महागाचं ऑईल दर महिन्याला घातलं तरी इंजिन झिजतंच. बऱ्याच गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. त्यावर हवा मारायची नसते, तो सरळ बदलायचा असतो. हवा मारली की कागदावरचं तेल उडतं आणि धूळ अडवण्याची त्याची ताकद जाते.

आता आकड्याकडे येऊ. स्प्लेंडरच्या वर्गातल्या अलीकडच्या गाड्यांच्या पुस्तिकेत साधारण असं लिहिलेलं असतं: पहिली सर्व्हिस पहिल्या काहीशे किलोमीटरवर, मग दर ३,००० किलोमीटरला ऑईल तपासून टॉप-अप आणि दर ६,००० ला बदल. हा आकडा कोणी हवेतून काढलेला नसतो. कंपनी इंजिनं टेस्ट बेंचवर आणि रस्त्यावर चालवते, उघडते, झीज मोजते. शिवाय हिरोसारखी कंपनी पाच वर्षं किंवा ७०,००० किलोमीटरची वॉरंटी देते. आकडा फार ताणला तर वॉरंटीतला खर्च तिच्याच अंगावर येतो. दुसऱ्या बाजूनं, ‘आमच्या गाडीचा देखभाल खर्च कमी’ हे सांगणंही तिच्या फायद्याचं असतं. या दोन ओढींच्या मधे तो आकडा ठरतो, आणि म्हणून मी तो विश्वासाचा मानतो. ऑईल विकणाऱ्याला मात्र एकच ओढ असते.

अमेरिकेत कारसाठी दर ३,००० मैलांना, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरला, ऑईल बदलण्याचा रिवाज कित्येक दशकं चालला. १९९६ साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकानं तो तपासला. न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सी घेतल्या, प्रत्येकीत नव्यानं बांधलेलं इंजिन बसवलं आणि प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल चालवली. काहींचं ऑईल ३,००० मैलांवर बदललं, काहींचं ६,००० वर. मग इंजिनं उघडून भाग मोजले. झिजेत सांगण्यासारखा फरक सापडला नाही. पुढे कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा व्यवस्थापन खात्यानं लोकांना मोहीम काढून सांगितलं की ३,००० चा हट्ट सोडा, आपल्या गाडीची पुस्तिका उघडा.

ही चाचणी मला मोलाची वाटते, पण तिचा आधार घेताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. टॅक्सी दिवसभर तापलेलीच असते. थंड इंजिन पुन्हा पुन्हा चालू करणं तिच्या नशिबी फारसं नसतं आणि तेलातली वाफ उडून जाते. ऑईलच्या दृष्टीनं ते बरं आयुष्य आहे. काकांची गाडी तशी नाही.

काकांचा दिवस पाहा. पहाटे दूध घेऊन डेअरी, मग शेत. पांदणीत चिखल असेल तर अर्धा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. चार गिअरच्या गाडीत पहिल्या गिअरला तेवढ्याच अंतरात इंजिन टॉप गिअरच्या साधारण तिप्पट फिरतं. मीटर एक किलोमीटर दाखवतो, तेल तीन किलोमीटरचं काम करतं. मागे कधी सोयाबीनचं पोतं, कधी फवारणीचा पंप आणि दोन माणसं. मे महिन्यात अंगाची लाही करणारं ऊन, वेग कमी, म्हणून इंजिनाला वारा कमी. मेकॅनिकचं ‘पुस्तकवाल्याले आपला रस्ता माहीत हाय का’ हे बोलणं इथे खरं ठरतं. फक्त पुस्तिकेलाही थोडाफार अंदाज असतो. धुळीच्या भागात एअर फिल्टर लवकर पाहावा, अशी टीप तक्त्याखाली बारीक अक्षरात असते. लोक आकडा वाचतात आणि टीप सोडून देतात.

म्हणून माझा निकाल असा. गावात आणि डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या, चांगल्या स्थितीतल्या गाडीला पुस्तिकेतला आकडा पुरेसा आहे, त्याच्या अलीकडे येण्याची गरज नाही. शेत, दूध, चिखल, ओझं असं काम करणाऱ्या गाडीला तो आकडा निम्म्यावर आणावा, सहाचे तीन हजार करावेत. आणि गाडी कितीही कमी चालो, वर्षातून एकदा ऑईल बदलावंच. दीड-दोन हजारावर बदलणं म्हणजे चांगलं तेल फेकणं. त्या पैशात नवा एअर फिल्टर येतो, आणि इंजिनाला त्याचा उपयोग जास्त होतो.

मीटर बंद असेल तर? आपल्याकडे मीटरची केबल तुटली की ती बसवायला कोणी घाई करत नाही. अशा वेळी पेट्रोल मोजावं. गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल, तर ३,००० किलोमीटर म्हणजे ६० लिटर. पंपावर दर वेळी किती लिटर टाकलं ते एका वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवायचं, बेरीज ६० झाली की ऑईल बदलायचं. पहिल्या गिअरमध्ये जास्त चालली तर पेट्रोलही जास्त जळतं, त्यामुळे हा हिशेब किलोमीटरपेक्षा खऱ्या कामाच्या जवळ जातो. मीटर चालू असलेल्यांनीही तो करून पाहावा.

आणि आता ती पट्टी. ऑईल बदलताना या गाड्यांत जेमतेम ८००-९०० मिली तेल बसतं. इंजिन थोडं जुनं झालं की हजार किलोमीटरला १०० मिली ऑईल जळून जाणं मुळीच नवलाचं नाही, धूर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणजे ३,००० किलोमीटरनंतर एकतृतीयांश तेल गायब. उरलेलं दोनतृतीयांश तेच काम करतं, जास्त तापतं, लवकर थकतं, आणि चढावर किंवा वळणावर पंपाला तेलाऐवजी हवा लागली की कॅमला सर्वांत आधी झळ बसते. आमच्या घरच्या एका गाडीचं इंजिन असंच गेलं. ऑईल बदलायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर न चुकता लिहिलेली होती, पण दोन तारखांच्या मधे झाकण एकदाही उघडलं नव्हतं. बोअर, पिस्टन, रिंगा, कॅम, सगळं नवं टाकावं लागलं. जुन्या तेलानं इंजिन हळूहळू झिजतं, कमी तेलानं ते एका उन्हाळ्यात बसतं. मोटारसायकलच्या देखभालीतली एकच गोष्ट सांगायची वेळ आली, तर मी पट्टी पाहा एवढंच सांगेन.

पाहायचं असं. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर उभी करा. साइड स्टँडवर तेल एका बाजूला कलतं आणि पट्टी चुकीचं दाखवते. इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, तेल खाली यायला आणखी दोन-तीन मिनिटं द्या. झाकण फिरवून काढा, पट्टी फडक्यानं कोरडी पुसा, पुन्हा आत घाला. बहुतेक शंभर सीसी गाड्यांत या वेळी झाकण आट्यांत फिरवायचं नसतं, नुसतं टेकवायचं असतं. आपल्या गाडीचं पुस्तिकेत पाहून घ्या. बाहेर काढल्यावर तेल दोन खुणांच्या मधे दिसलं पाहिजे. खालच्या खुणेजवळ असेल तर त्याच ग्रेडचं थोडं थोडं घालत वरच्या खुणेपर्यंत आणा. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. जास्त झालेलं तेल फेसाळतं आणि नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं. काही गाड्यांना पट्टीऐवजी इंजिनाच्या बाजूला गोल काच असते, तिथे झाकण काढायचीही गरज नाही. दर रविवारी, किंवा दर दुसऱ्या वेळी पेट्रोल टाकताना, हे पाच-सात मिनिटांचं काम आहे.

ऑईल घेताना ग्रेड पुस्तिकेत असेल तोच घ्यावा आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही खूण पाहावी. जासो हे जपानी मोटार उद्योगाचं मानक आहे. ‘एमए’ म्हणजे तेलात भिजलेल्या क्लचला चालणारं ऑईल. ‘एमबी’ गिअर नसलेल्या स्कूटरसाठी आहे. ते किंवा कारचं जास्त निसरडं ऑईल मोटारसायकलमध्ये घातलं तर क्लच प्लेट घसरू शकतात, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. सुटं ऑईल घेऊ नये. सील आपल्यासमोर तोडायला लावावं, आणि रिकामा डबा घरी आणावा किंवा तिथेच भोक पाडून टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरून कोणाला विकता येणार नाही.

शेवटी निघालेल्या तेलाबद्दल. जळकं ऑईल लाकडाला लावतात, काही जण बैलाच्या जखमेवरही लावतात. जखमेवर ते मुळीच लावू नका. त्यात धातूचे कण असतात आणि जळालेल्या इंधनातून आलेली कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात. कायद्यानं वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. मेहकरच्या नाल्यांचं पाणी पैनगंगेला मिळतं. घरी ऑईल बदललंत तर जुनं तेल त्याच डब्यात भरून झाकण लावा आणि गॅरेजच्या पिंपात नेऊन ओता. तिथून ते शुद्धीकरणासाठी नेणारे लोक घेऊन जातात.